ब्रुकलिनचं ‘बुक्स अनबॅन्ड’ कार्ड: शाळेच्या कपाटातून गेलेलं पुस्तक फोनवर किती मिळतं?

शाळेच्या लायब्ररीतून पुस्तक काढून टाकलंय, गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ते मोठ्यांच्या विभागात हलवलंय, आणि विकत घ्यायला खिशात पैसे नाहीत. अमेरिकेतल्या अशा मुलांसाठी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पब्लिक लायब्ररीने एप्रिल २०२२ मध्ये ‘बुक्स अनबॅन्ड’ ही सेवा सुरू केली. अमेरिकेत कुठेही राहणाऱ्या १३ ते २१ वर्षांच्या वाचकाला लायब्ररीचं डिजिटल कार्ड फुकट. राज्याबाहेरच्या वाचकाला याच कार्डासाठी ५० डॉलर भरावे लागत, ते या वयोगटाला माफ केले. सेवा सुरू झाली तेव्हा लायब्ररीने साडेतीन लाख ई-पुस्तकं, दोन लाख ऑडिओबुक आणि शंभरावर डेटाबेस एवढा साठा जाहीर केला होता.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. टेक्सस, फ्लोरिडा, आयोवा अशा राज्यांत राहणाऱ्या मराठी घरांमध्ये या वयाची मुलं असतील तर त्यांनी हे कार्ड काढावंच. वाचकाच्या हाती पुस्तक पोचवण्याचं काम ते चोख करतं. शाळेच्या कपाटात पुस्तक परत आणायचं काम मात्र कोर्टातच होतं, आणि तिथे राज्याराज्यांत निकाल इतके वेगळे लागलेत की या कार्डाची गरज किती हे पत्त्यावर ठरतं. म्हणून या परीक्षणात कार्डाबरोबर कायद्यांचाही हिशेब मांडला आहे.

कार्ड काढताना

अर्ज लायब्ररीच्या संकेतस्थळावर ‘बुक्स अनबॅन्ड’च्या पानावर आहे. ईमेल देताना शाळेने दिलेला पत्ता देऊ नये. शाळेचं खातं शाळेच्या ताब्यात असतं, बाहेरून येणारी पत्रं बऱ्याच ठिकाणी अडवली जातात आणि शाळा सुटली की खातंही बंद होतं. स्वतःचा पत्ता द्यावा. उत्तर आलं नाही असं वाटलं तर आधी स्पॅमची पेटी उघडून पाहावी.

कार्डाचा नंबर आणि पिन हातात आला की फोनवर ‘लिबी’ हे ॲप उतरवायचं आणि त्यात लायब्ररी जोडायची. इथे पुष्कळ जण चुकतात. न्यूयॉर्क शहरात तीन स्वतंत्र लायब्ररी-व्यवस्था आहेत: न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी, क्वीन्स आणि ब्रुकलिन. ब्रुकलिनचा नंबर न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या पानावर टाकला तर ॲप तो घेणार नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये ब्रुकलाइन नावाचं गाव आहे, त्याचीही लायब्ररी आहे, आणि घाईत बोट तिच्यावर पडतं. यादीतलं पूर्ण नाव वाचून ‘ब्रुकलिन पब्लिक लायब्ररी’च निवडावी.

गावच्या वाचनालयाचं कार्ड असेल तर तेही त्याच ॲपमध्ये जोडावं. लिबीत एकाच वेळी अनेक कार्डं ठेवता येतात. एकच पुस्तक दोन्हीकडे शोधायचं, दोन्ही रांगांत नाव घालायचं आणि जिथे आधी मिळेल तिथलं घेऊन दुसरीकडचं नाव काढून टाकायचं. दुसऱ्या वाचकाची वाट त्यामुळे तेवढी कमी होते.

रांग का लागते

सगळ्यात जास्त तक्रार रांगेची असते, आणि तिचं मूळ ब्रुकलिनच्या हातात नाही. लायब्ररी कागदी पुस्तक विकत घेते, ई-पुस्तकाचा फक्त परवाना घेते. एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. हार्परकॉलिन्सचा परवाना २६ वेळा पुस्तक देऊन झालं की संपतो, इतर मोठ्या प्रकाशकांचे बरेचसे परवाने दोन वर्षांनी संपतात, आणि तेच पुस्तक हवं असेल तर पुन्हा पैसे मोजावे लागतात. वाचकाला पंधरा डॉलरला मिळणाऱ्या ई-पुस्तकासाठी लायब्ररीने पन्नासाच्या वर देणं ही रोजची गोष्ट आहे. त्यात एखाद्या शाळा-जिल्ह्याने (त्या भागातल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने) पुस्तक काढल्याची बातमी आली की देशभरातली मुलं नेमक्या त्याच पुस्तकावर तुटून पडतात. सेवा सुरू करतानाच ब्रुकलिनने सतत हरकती येणारी काही पुस्तकं बिनरांगेची ठेवली, हा निर्णय आम्हाला फार मोलाचा वाटतो.

रांगेत नंबर नेमका परीक्षेच्या आठवड्यात लागला तर पुस्तक सोडून देऊ नका. लिबीत ‘नंतर पाठवा’ ही सोय आहे. ती वापरली की पुस्तक मागच्या माणसाकडे जातं आणि तुमची जागा राखली जाते. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं, त्यामुळे उशिराचा दंड नाही.

शाळेचं यंत्र, घरचं यंत्र

शाळेने दिलेल्या क्रोमबुकवर किंवा आयपॅडवर हे कार्ड चालेल असं धरू नये. इंटरनेटच्या दरात केंद्र सरकारची सवलत घेणाऱ्या शाळांना २००० सालच्या एका कायद्याने नको तो मजकूर अडवणारी गाळणी बसवणं बंधनकारक आहे. गाळणीची जाळी किती बारीक ठेवायची हे बरंचसं शाळा-जिल्हा ठरवतो. त्यातून लिबी अडकू शकतं, आणि शाळेच्या यंत्रावर काय उघडलं याची नोंदही राहू शकते. उपाय साधा आहे. स्वतःच्या फोनवर घरच्या वायफायवर पुस्तक उतरवून घ्यावं. एकदा उतरलं की नेट नसतानाही वाचता येतं, बसमध्येसुद्धा.

शाळेत ‘सोरा’ नावाचं ॲप दिलेलं असतं. तेही लिबीच्याच कंपनीचं, म्हणजे ओव्हरड्राइव्हचं. पण सोरात काय दिसावं हे शाळा ठरवते. सोरात पुस्तक सापडलं नाही म्हणजे ते ब्रुकलिनकडे नाही असं समजू नये. शोध लिबीतच घ्यावा.

खासगीपणाबद्दल दोन गोष्टी. न्यूयॉर्क राज्याच्या दिवाणी प्रक्रिया कायद्याचं ४५०९ हे कलम लायब्ररीच्या नोंदी गोपनीय ठेवतं. वाचकाची संमती किंवा कायदेशीर आदेश असल्याशिवाय कोणी काय वाचलं हे लायब्ररी उघड करत नाही. पण पुस्तक किंडलवर पाठवलं की व्यवहार ॲमेझॉनच्या खात्यातून होतो, आणि ती नोंद लायब्ररीच्या कपाटाबाहेर जाते. घरात एकच ॲमेझॉन खातं सगळे वापरत असतील तर पुस्तकाचं नाव सगळ्यांना दिसतं. ज्याला हे नको असेल त्याने लिबीतच वाचावं.

या कार्डाने कायदा मोडतो का?

मराठी पालकांच्या मनात हा प्रश्न येतोच, विशेषतः व्हिसावर असलेल्यांच्या. इथे ज्या कायद्यांची चर्चा आहे ते शाळा, ग्रंथालयं, ग्रंथपाल आणि पुस्तकं पुरवणारे विक्रेते यांना बांधतात. पुस्तक वाचणाऱ्या मुलावर त्यांतला एकही कायदा गुन्हा लादत नाही.

शिक्षकाची गोष्ट मात्र वेगळी. ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावात ऑगस्ट २०२२ मध्ये एका शिक्षिकेने वर्गातल्या पुस्तकांच्या फळ्या कागदाने झाकल्या आणि ब्रुकलिनच्या कार्डाचा क्यूआर कोड लावला. तिने नोकरी सोडली. दोन वर्षांनी राज्याच्या शिक्षण मंडळाने तिचा अध्यापनाचा परवाना रद्द केला. वर्गशिक्षकाने चिकटवलेला क्यूआर कोड आणि मुलाने मित्राला सांगितलेला पत्ता या दोन गोष्टींत राज्य असा फरक करतं. म्हणून आमची विनंती आहे की हे काम शिक्षकांच्या गळ्यात घालू नका. मुलांनीच मुलांना सांगावं.

कोर्टात कुठे काय झालं

सगळ्या खटल्यांच्या मुळाशी १९८२ चा पिको निकाल आहे. लाँग आयलंडवरच्या आयलंड ट्रीज शाळा मंडळाने लायब्ररीतून पुस्तकं काढली. स्टीव्हन पिको आणि इतर विद्यार्थ्यांनी दावा लावला. निव्वळ त्यांतले विचार पटत नाहीत म्हणून मंडळाला पुस्तकं हटवता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयातल्या न्या. ब्रेनन यांनी लिहिलं. पण पाच न्यायाधीशांचं बहुमत एका तर्कामागे उभं राहिलं नाही. निकाल लागला, नियम पक्का झाला नाही. आज जो गोंधळ दिसतो त्याचं बीज इथे आहे.

दुसरी कसोटी अश्लीलतेची. १९७३ च्या मिलर निकालापासून पुस्तक संपूर्ण वाचून, त्याचं साहित्यिक, कलात्मक, राजकीय, शास्त्रीय मोल तोलूनच त्याला अश्लील ठरवता येतं. नवे कायदे नेमकं हेच टाळतात. पुस्तकात अमुक क्रियेचं वर्णन आहे का एवढंच पाहायचं, संदर्भ पाहायचा नाही. यात कादंबरीतला अत्याचाराचा प्रसंग आणि निव्वळ अश्लील मजकूर एकाच तराजूत जातात. ज्या मुलीला त्या प्रसंगाबद्दल वाचायची सगळ्यात जास्त गरज असते तिच्याच हातून पुस्तक जातं. आमचा या कायद्यांवरचा मुख्य आक्षेप हाच आहे.

आयोवाचा ‘सिनेट फाइल ४९६’ मे २०२३ मध्ये झाला. शाळेच्या लायब्ररीत लैंगिक क्रियेचं वर्णन असलेलं पुस्तक नको, असा त्याचा आदेश. पेंग्विन रँडम हाऊस, काही लेखक आणि शिक्षकांची संघटना कोर्टात गेली, पुढे इतर मोठे प्रकाशकही आले. न्या. स्टीफन लोचर यांनी डिसेंबर २०२३ च्या अखेरीस कायद्याच्या अंमलबजावणीला मनाई करणारा हुकूम दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने (सर्किट म्हणजे काही राज्यांचा गट, त्याचं एक केंद्रीय अपील न्यायालय असतं) तो उठवला, पण उठवताना एक मोलाची गोष्ट मान्य केली: शाळेच्या लायब्ररीतली पुस्तकं म्हणजे सरकारचं स्वतःचं बोलणं नव्हे, म्हणजे ती हटवणं कोर्टात तपासता येतं. मार्च २०२५ मध्ये लोचर यांनी नव्या कारणमीमांसेसह पुन्हा मनाई दिली. अशा राज्यात पुस्तक एका सत्रात कपाटात, पुढच्या सत्रात खोक्यात, अशी अवस्था होते. कार्ड हाताशी असलेलं बरं.

आर्कान्साचा २०२३ चा ‘ॲक्ट ३७२’ जास्त कठोर होता. अल्पवयीनांना ‘हानिकारक’ मजकूर मिळू दिला तर ग्रंथपाल किंवा पुस्तकविक्रेत्याला एक वर्षापर्यंत कैद, अशी तरतूद होती. फेएटव्हिल आणि युरेका स्प्रिंग्जची ग्रंथालयं, लिटल रॉकची ग्रंथालय-व्यवस्था आणि पुस्तकांची दुकानं एकत्र आली. पाच वर्षांचं मूल आणि सतरा वर्षांचा मुलगा या दोघांना कायदा एकाच मापाने मोजतो, हा त्यांचा मुद्दा न्या. टिमथी ब्रूक्स यांना पटला. जुलै २०२३ मध्ये त्यांनी आधी स्थगिती दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये शिक्षेचं आणि हरकतींच्या पद्धतीचं अशी दोन्ही कलमं रद्द केली. राज्य त्यावर अपिलात गेलं.

टेक्ससच्या २०२३ च्या ‘हाऊस बिल ९००’ने भार विक्रेत्यांवर टाकला. शाळेला विकलेल्या आणि विकायच्या प्रत्येक पुस्तकाला विक्रेत्याने लैंगिकतेची श्रेणी द्यायची. ह्यूस्टनच्या ‘ब्लू विलो’ दुकानाने हिशेब दिला: एका पुस्तकाला २०० ते १,००० डॉलर, आणि आधी विकलेल्या पुस्तकांसाठी किमान ४० लाख डॉलर. दुकानाची वर्षाची विक्री होती १० लाखांच्या किंचित वर. जानेवारी २०२४ मध्ये पाचव्या सर्किटने श्रेणीच्या तरतुदीवरची मनाई कायम ठेवली. इतका नेमका हिशेब मांडणारी बाजू कोर्टात टिकते, हे ग्रंथालयवाल्यांनी जरूर लक्षात ठेवावं.

त्याच टेक्ससमध्ये, त्याच पाचव्या सर्किटमध्ये, लानो काउंटीचा निकाल उलटा लागला. सार्वजनिक ग्रंथालयातून १७ पुस्तकं काढली गेली, वाचकांनी २०२२ मध्ये दावा लावला, जिल्हा न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पुस्तकं परत ठेवायला सांगितलं. मे २०२५ मध्ये पूर्ण पीठाने १० विरुद्ध ७ मतांनी ते फिरवलं. ग्रंथालयाने पुस्तक काढलं म्हणून माहिती मिळवण्याच्या हक्काखाली वाचकाला दाद मागता येत नाही, असं ठरलं. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकायला नकार दिला. म्हणजे टेक्सस, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांत सार्वजनिक ग्रंथालयाच्या वाचकाचा हा दरवाजा सध्या बंद आहे. डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टनच्या मराठी घरांनी ब्रुकलिनच्या कार्डाकडे याच नजरेने पाहावं. इथे त्याची किंमत सगळ्यात जास्त आहे.

मिसिसिपीत तर डिजिटल वाटही अरुंद झाली. तिथल्या २०२३ च्या कायद्याने शाळांना आणि सार्वजनिक ग्रंथालयांना डिजिटल साठा पुरवणाऱ्या कंपन्यांवर अटी घातल्या, आणि काही ग्रंथालयांनी १८ खालच्या वाचकांसाठी हूपला आणि ओव्हरड्राइव्ह या ई-पुस्तकांच्या सेवाच बंद केल्या. हा कायदा त्या राज्यातल्या संस्थांच्या करारांसाठी आहे, ब्रुकलिनचा करार न्यूयॉर्कचा आहे.

फ्लोरिडाच्या २०२३ च्या ‘हाऊस बिल १०६९’प्रमाणे लैंगिक वर्णनाची हरकत आली की पाच दिवसांत पुस्तक कपाटातून काढायचं आणि निर्णय होईपर्यंत बाहेरच ठेवायचं. ऑरलँडोचे न्या. कार्लोस मेंडोझा यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये ‘लैंगिक वर्तनाचं वर्णन’ हा शब्दप्रयोग गरजेपेक्षा फार व्यापक ठरवला. या पद्धतीत खरा घोळ हरकतीपेक्षा त्यानंतरच्या विलंबाचा आहे. पुस्तक पाच दिवसांत जातं, परत यायला शाळेचं वर्ष उलटू शकतं, तोवर मूल पुढच्या इयत्तेत गेलेलं असतं.

दुसऱ्या सेवांशी तुलना

सिएटल पब्लिक लायब्ररी एप्रिल २०२३ मध्ये याच नावाखाली सामील झाली आणि वयोमर्यादा १३ ते २६ ठेवली. ब्रुकलिनची एकविशी ओलांडलेल्या कॉलेजच्या मुलांनी तिकडे अर्ज करावा. बॉस्टननेही २६ पर्यंतच्या वाचकांना दार उघडलं, पण तिथे बंदी येणाऱ्या पुस्तकांचा निवडक संग्रहच मिळतो. रसायनशास्त्राच्या प्रकल्पासाठी डेटाबेस हवा असेल तर त्याचा उपयोग नाही. लॉस एंजेलिस काउंटीचं कार्ड कॅलिफोर्नियातल्या १३ ते १८ वयाच्या मुलांपुरतं आहे. अटी अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्जाच्या पानावर काय लिहिलंय तेच खरं मानावं.

‘डिजिटल पब्लिक लायब्ररी ऑफ अमेरिका’ने जुलै २०२३ मध्ये ‘बॅन्ड बुक क्लब’ काढला. तो ‘पॅलेस’ ॲपमध्ये चालतो आणि तुमचं ठिकाण ओळखून त्या भागातल्या ग्रंथालयांतून काढलेली पुस्तकं देतो. कल्पना सुरेख आहे. मात्र फोनला ठिकाण कळू द्यावं लागतं, आणि ज्यांना तेच नको असतं त्यांना ब्रुकलिन बरं.

जिथे कार्ड कमी पडतं

सगळ्यात मोठी उणीव वयाची. मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाच्या अमेरिकन कायद्याची रेषाही १३ वर्षांचीच आहे, त्यामुळे ही मर्यादा समजण्यासारखी आहे. पण चित्रपुस्तकं काढली जातात ती पहिली ते पाचवीच्या कपाटांतून. सात वर्षांच्या मुलाला या कार्डाचा काही उपयोग नाही.

दुसरी उणीव फोनची. ज्या घरात मुलाकडे स्वतःचं यंत्र नाही तिथे शाळेचं कपाट हाच एक मार्ग होता. आयडाहोतल्या डॉनली या छोट्या गावाचं उदाहरण घ्या. २०२४ च्या ‘हाऊस बिल ७१०’ने लेखी हरकतीनंतर ६० दिवसांत पुस्तक प्रौढांच्या विभागात हलवायला सांगितलं, नाहीतर दावा आणि २५० डॉलरची भरपाई. डॉनलीच्या इवल्याशा इमारतीत वेगळा विभाग करायला जागाच नव्हती. त्या लायब्ररीने स्वतःला प्रौढांपुरतं जाहीर केलं, आणि मुलांना आत यायला पालकांचं प्रतिज्ञापत्र लागू लागलं. तिथल्या मुलाने गमावली ती शाळेनंतर बसायची एक उबदार खोली. ती कोणत्याही ॲपमध्ये येत नाही.

आपल्या मुलाने अमुक पुस्तक आत्ता वाचू नये असं वाटणं हा पालकांचा हक्क आहे, आणि या कार्डालाही तो लागू आहे. घरात त्याबद्दल मोकळेपणाने बोलावं. एका पालकाच्या हरकतीने साऱ्या शाळेचं कपाट रिकामं व्हावं का, हा कोर्टातला प्रश्न आहे.

भारतातून अर्ज चालत नाही, पुण्यात राहणाऱ्या भाच्यासाठी प्रयत्न करू नये. कार्डाची मुदत सुरुवातीला एक वर्षाची ठेवली होती. ज्या दिवशी कार्ड येईल त्या दिवशीच फोनच्या कॅलेंडरमध्ये अकराव्या महिन्याची आठवण लावून ठेवावी. मुदत संपलेल्या कार्डावर पुस्तक मिळत नाही, मग रांगेत कितीही पुढे असलात तरी.